श्रूजबरीत एक दिवस: बिस्किटांच्या गावी जायचं तर

प्रश्न थोडक्यात असा. पुण्याहून दोन वर्षांपूर्वी बर्मिंगहॅमला आलेल्या एका ताईंचे आईबाबा जूनमध्ये येताहेत. लंडन वगैरे ठरलंय, मधे एक दिवस मोकळा आहे. बाबांना 'आपल्या श्रूजबेरी बिस्किटांचं गाव' बघायचंय, आईंना जुन्या इमारतींची आवड आहे, बाबांचे गुडघे दुखतात आणि घरी गाडी नाही. एका दिवसात काय बघावं, काय सोडावं, आणि ती बिस्किटं तिथे खरंच मिळतात का?

ताई, मी गेली एकोणीस वर्षं याच भागात पाहुण्यांचे गट घेऊन फिरतो. त्यात पुणेकर आला की बिस्किटांचा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत येतोच. म्हणून तो आधी संपवतो.

मिळतात, पण आपली नाहीत. पुण्याच्या कॅम्पातल्या कयानी बेकरीचं बिस्किट जाड, लोण्यानं जड झालेलं, हातात घेतलं की बोटं तुपकट होणारं. इथलं 'श्रूजबरी केक' म्हणून जे ओळखलं जातं ते पातळ आणि कुरकुरीत असतं. कधी लिंबाच्या सालीचा वास, कधी आत बेदाणे. नाव केक, वस्तू बिस्किट. सतराव्या शतकातल्या इंग्रजी पाककृतींमध्ये ते सापडतं आणि तेव्हा त्यात जायफळ, दालचिनी, गुलाबपाणी पडायचं, म्हणजे आपल्या आजीला ओळखीचा वास आला असता. गावात कॅसल स्ट्रीटवर एका दुकानाच्या भिंतीवर पाटी आहे: इथे पेलिन नावाच्या माणसानं 1760 मध्ये आपल्या कृतीनं श्रूजबरी केक केले. लोक त्या पाटीखाली उभं राहून फोटो काढतात आणि मग आत जाऊन बिस्किटं मागतात. आता तिथे बेकरी नाही. बाबांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर दिवसाची सुरुवातच हिरमोडानं होईल. बिस्किटं गावातल्या चहाच्या दुकानांत आणि भेटवस्तूंच्या दुकानांत मिळतात, पाकिटावर काळ्यापांढऱ्या घरांचं चित्र असतं. एक पाकीट घ्या, पण मापात अपेक्षा ठेवा.

आणि उच्चार. आपण श्रूजबेरी म्हणतो. गावात अर्धे लोक 'श्रूजबरी' म्हणतात, अर्धे 'श्रोजबरी', आणि दोन्ही बाजू दुसऱ्याला अडाणी किंवा आखडू समजतात. स्टेशनवर काहीही म्हणा, तिकीट मिळतं.

आता दिवस कसा घालवायचा. बहुतेक लोक यादी घेऊन येतात: किल्ला, मठ, डार्विनचं घर, संग्रहालय, उद्यान. संध्याकाळी पाय सुजलेले असतात आणि लक्षात काहीच नसतं. माझं मत वेगळं आहे. हे गाव किल्ल्याचं नाही, चर्चचंही नाही. हे बाजाराचं गाव आहे. शेकडो वर्षं इथे वेल्सच्या डोंगरातली लोकर आणि लोकरी कापड उतरलं, विकलं गेलं, आणि त्या पैशातून बाकी सगळं उभं राहिलं. तो धागा हातात धरलात तर गल्ल्यांची नावंसुद्धा बोलायला लागतात. आपल्याकडे तांबट आळी, बोहरी आळी म्हटल्यावर काही वेगळं सांगावं लागत नाही. इथे बुचर रो म्हणजे खाटीक आळी, फिश स्ट्रीट म्हणजे मासळी आळी, मिल्क स्ट्रीट म्हणजे दूध आळी.

नकाशा एकदा बघून घ्या. सेव्हर्न नदी गावाला जवळजवळ पूर्ण वळसा घालते, घोड्याच्या नालासारखा. नालाच्या उघड्या तोंडाशी उंचवटा, त्यावर किल्ला. बाकी तिन्ही बाजूंना पाणी. नदीवर दोन मोठे जुने पूल: पूर्वेला इंग्लिश ब्रिज, पश्चिमेला वेल्श ब्रिज. नावातच सगळं आलं. एका पुलावरून इंग्लंड, दुसऱ्यावरून वेल्स, आणि मधे बसलेला व्यापारी दोघांकडून पैसे करणारा. जुनं गाव या वळशाच्या आत आहे आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पंधरा-वीस मिनिटांत चालत जाता येतं. त्यामुळे गाडी नाही याची अजिबात खंत करू नका. इथे गाडी म्हणजे डोक्याला ताप. एकदा फेब्रुवारीत मी नदीकाठच्या वाहनतळावर मिनीबस लावली, जेवून परत आलो तर चाकांपाशी पाणी. सेव्हर्न हिवाळ्यात वाढते आणि सखल भागात शिरते, हे मला माहीत होतं. माहीत असून लावली. तेव्हापासून गटसुद्धा रेल्वेनं आणतो.

बर्मिंगहॅम न्यू स्ट्रीटवरून थेट गाडी आहे, साधारण तासाभराचा प्रवास. येताना डाव्या खिडकीशी बसा. स्टेशनात शिरण्याआधी रुळांच्या बेचक्यात विटांची एक उंच, लांबलचक केबिन दिसेल. ती सेव्हर्न ब्रिज जंक्शनची सिग्नल केबिन. 1903 ची, आत 180 लिव्हर बसवलेली, आणि जगात अजून चालू असलेल्या यांत्रिक सिग्नल केबिनांमध्ये सगळ्यात मोठी. बाबा रेल्वेप्रेमी असतील तर त्यांचा दिवस इथेच वसूल.

स्टेशनातून बाहेर पडल्यावर चढण लागते. गुडघ्यांसाठी दिवसातली ही पहिली परीक्षा. पण चढ लहान आहे आणि वर पोचलात की पुढचा तास-दोन तास बऱ्यापैकी सपाटीवर जातो. डाव्या हाताला लाल वालुकाश्मातला किल्ला. नॉर्मन सरदार रॉजर द माँगमरी यानं अकराव्या शतकात बांधायला घेतला, अठराव्या शतकाच्या अखेरीस थॉमस टेलफर्ड या अभियंत्यानं त्याचं राहतं घर करून दिलं. हे टेलफर्ड नाव लक्षात ठेवा, पुढे दोनदा येणार आहे. आत श्रॉपशरच्या, म्हणजे या परगण्याच्या, पलटणींचं संग्रहालय आहे. ज्यांना सैनिकी इतिहासाची ओढ आहे त्यांनी जरूर बघावं; तुमच्या पाहुण्यांसाठी मी बागेत दहा मिनिटं बसून पुढे निघेन. राजगड-रायगड बघितलेल्या माणसाला हा किल्ला म्हणजे मोठा वाडा वाटतो, आणि तसं वाटणं चुकीचं नाही.

किल्ल्यासमोरची दगडी इमारत म्हणजे गावचं ग्रंथालय. पूर्वी तिथे श्रूजबरी स्कूल होतं आणि दारात खुर्चीवर बसलेला म्हातारा दिसतो तो चार्ल्स डार्विन. त्याचा जन्म याच गावातला, 12 फेब्रुवारी 1809, नदीपलीकडच्या 'द माउंट' या घरात. शाळा हीच. शाळेबद्दल त्यानं पुढे फारसं बरं लिहिलं नाही: नुसतं ग्रीक-लॅटिन घोकून घेतलं, बाकी काही नाही, अशा अर्थाचं. आता त्याच शाळेच्या दारात त्याला कायमचं बसवून ठेवलंय. पुतळा 1897 चा. त्याची एक गोष्ट आहे, ती चर्चमध्ये गेल्यावर सांगतो.

थोडं पुढे पेलिनची ती पाटी. फोटो काढा आणि डावीकडे सेंट मेरीज चर्चकडे वळा.

इथे घाई करू नका. इथे आता नियमित उपासना होत नाही, जुनी चर्च सांभाळणाऱ्या एका ट्रस्टकडे ही वास्तू आहे, आत जायला तिकीट नाही, दानपेटी आहे. पूर्वेकडची मोठी काचेची खिडकी चौदाव्या शतकातली. खाली जेसी, म्हणजे बायबलमधल्या दावीद राजाचा बाप, आडवा झोपलेला, त्याच्या अंगातून वेल निघालेला, आणि वेलाच्या प्रत्येक वळणात एक राजा, थेट येशूच्या आईपर्यंत. वंशावळ म्हणजे वेल ही कल्पना आपल्याला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. सकाळी ऊन त्या खिडकीतून आत येतं तेव्हा फरशीवर निळे-लाल ठिपके पडतात. म्हणूनच मी हे चर्च सकाळी ठेवतो, दुपारनंतर ती मजा नाही.

बाहेर आल्यावर मान वर करून मनोरा बघा. इंग्लंडमधल्या सगळ्यात उंच मनोऱ्यांपैकी एक. 1894 च्या वादळात त्याचं टोक कोसळलं आणि छत फोडून आत पडलं. गावात तेव्हा डार्विनचं स्मारक करायचं घाटत होतं. इथल्या पाद्रीबाबांनी जाहीर करून टाकलं की हा देवाचा कोप आहे, डार्विनचा पुतळा उभारायला निघालात म्हणून. गावानं मनोरा दुरुस्त केला आणि तीन वर्षांनी पुतळाही उभारला.

त्याच मनोऱ्याच्या पायथ्याशी, दाराजवळच्या भिंतीत, एक छोटा दगड आहे. तो मुद्दाम शोधा. रॉबर्ट कॅडमन नावाचा माणूस दोरीवरचे खेळ करायचा. 1739-40 च्या कडक हिवाळ्यात, सेव्हर्न गोठलेली असताना, त्यानं या मनोऱ्याच्या टोकाला दोर बांधला, दुसरं टोक नदीपलीकडे, आणि छातीला खाचा पाडलेली लाकडी पाटी बांधून त्यावरून घसरत खाली यायचं ठरवलं. हे त्यानं आधीही केलं होतं. त्या दिवशी दोर फार ताणला गेला होता आणि तुटला. दगडावर कविता कोरली आहे, तिचा आशय असा: कौशल्य कमी पडलं नाही, धैर्य कमी पडलं नाही, दोर नको तितका ताणलेला होता. मला हा मृत्युलेख फार आवडतो. मेलेल्या माणसाची बाजू घेणारा, आणि अपघाताचं तांत्रिक कारणही देणारा.

इथून बुचर रो. कोपऱ्यावर ॲबट्स हाउस, पंधराव्या शतकातली लाकडी चौकटीची इमारत. तळमजल्यावर दुकानांच्या जुन्या खिडक्या अजून शाबूत आहेत: रुंद, बुटक्या, कंबरेइतक्या उंचीच्या फळीवर माल मांडून रस्त्यावरच्या गिऱ्हाइकाला विकायचा. वरचे मजले रस्त्यावर पुढे आलेले. खालच्यापेक्षा वरचा मोठा, त्याच्यापेक्षा त्याच्या वरचा मोठा. जागा महाग, मग वरून हवेतली जागा घ्यायची. हे गणित आपल्या पेठांतल्या बाल्कन्या बंद करून खोली काढणाऱ्यांना बरोबर कळेल. एक सांगून ठेवतो: काळं लाकूड आणि पांढरी भिंत हा जो सरसकट रंग दिसतो तो बऱ्याच ठिकाणी एकोणिसाव्या शतकातली हौस आहे. पूर्वी लाकूड बहुधा तसंच उघडं, राखाडी होऊ दिलेलं असायचं.

पुढे फिश स्ट्रीट, तिथून बेअर स्टेप्स नावाच्या पायऱ्या (बाबांनी कठड्याला धरून चालावं, दगड घासून गुळगुळीत झालेत), आणि मग ग्रोप लेन. या गल्लीत दोन्ही बाजूंची घरं वर इतकी जवळ आलीत की आकाशाची नुसती पट्टी दिसते. दोन्ही हात पसरले की दोन्ही भिंतींना लागतील असं वाटतं. गल्लीचं नाव मध्ययुगातल्या वेश्यावस्तीवरून आलंय, याहून जास्त मी आईंसमोर सांगत नसतो. अशा बोळांना गावात 'शट' म्हणतात. दोन रस्त्यांच्या मधून, घरांच्या खालून, मागच्या अंगणांतून जाणारे डझनावारी बोळ आहेत. हातात वेळ असेल तर यादी बाजूला ठेवून दिसेल त्या बोळात शिरा. नदीच्या वळशातच आहात, हरवाल कुठे?

ग्रोप लेन उतरली की हाय स्ट्रीट, तो ओलांडला की समोर द स्क्वेअर, म्हणजे चौक. इथे बसा. तुमच्या दिवसाचा मध्य इथे.

चौकात दगडी कमानींवर उभी असलेली जुनी मार्केट हॉलची इमारत आहे. 1596 ची, राणी पहिल्या एलिझाबेथच्या काळातली, तिचं राजचिन्ह पश्चिमेच्या भिंतीवर आहे. खाली खांबांमधली मोकळी जागा धान्याच्या बाजारासाठी, वरचा मजला कापडाच्या व्यापाऱ्यांसाठी. वेल्समधले विणकर घोड्यांवर लादून जाडंभरडं लोकरी कापड आणायचे, श्रूजबरीचे ड्रेपर, म्हणजे कापडाचे आडते, ते घ्यायचे, त्याच्यावर शेवटचा हात फिरवून घ्यायचे आणि लंडनला पाठवायचे. नफा कुणाच्या पदरात पडत असेल ते वेगळं सांगायला नको. ड्रेपरांचा स्वतःचा हॉल सेंट मेरीज चर्चसमोर आहे, मघाशी तुम्ही त्याच्यासमोरूनच आलात.

आता उत्तरेकडच्या टोकाच्या कमानीखाली जा आणि खांबाच्या आतल्या बाजूला बघा. दगडात ओळीनं लहान भोकं आहेत, बोटाचं टोक जाईल एवढी. लोकरीच्या विक्रीची मोजदाद ठेवण्यासाठी ती पाडलेली. लिहिता-वाचता येवो न येवो, भोक मोजता येतं. ही हिशेबाची वही चारशे वर्षं उघड्यावर, पावसात उभी आहे आणि तिच्या बाजूनं रोज हजार माणसं कॉफीचा पेला घेऊन जातात. माझ्या गटांतल्या लोकांना मी काहीही न बोलता तिथे नेतो आणि विचारतो, हे काय असेल? बंदुकीच्या गोळ्या हे उत्तर दर वेळी येतं. एकदा फक्त सोलापूरच्या एका काकांनी, ज्यांची हातमागाची पेढी होती, हात लावला आणि म्हणाले, "हिशेब दिसतोय." मी त्यांना नंतर चहा पाजला.

त्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर आता छोटं चित्रपटगृह आणि कॅफे आहे. कॅफेच्या खिडकीतून चौक दिसतो आणि चौकात मधोमध उभा असलेला पुतळाही. तो रॉबर्ट क्लाइव्ह.

इथे जरा थांबावं लागतं. क्लाइव्ह याच परगण्यातला, मार्केट ड्रेटनजवळचा. बंगालमधून अमाप पैसा घेऊन परतला, 1761 पासून मरेपर्यंत, म्हणजे 1774 पर्यंत, श्रूजबरीचा खासदार होता, 1762 मध्ये महापौर झाला. चौकामागच्या कॉलेज हिलवर तो राहायचा ते घर आहे. पुतळा मात्र त्याच्या मृत्यूनंतर शहाऐंशी वर्षांनी, 1860 मध्ये बसवला. 2020 मध्ये तो काढावा म्हणून सह्यांची मोहीम झाली, श्रॉपशरच्या कौन्सिलनं ठेवायचं ठरवलं. प्लासी, 1757, बंगालचा दुष्काळ, हे इथले लोकही आता बोलतात. आपल्या माणसांना मी वेगळी तारीख सांगतो: फेब्रुवारी 1756. इंग्लंडहून परत आलेल्या क्लाइव्हचं हिंदुस्थानातलं पहिलं काम बंगालमध्ये नव्हतं, कोकणात होतं. ॲडमिरल वॉटसनच्या आरमारासोबत तो विजयदुर्गावर गेला, समुद्रातून तोफा चालल्या, तुळाजी आंग्र्यांचं आरमार बंदरात जळालं आणि किल्ला पडला. इंग्रज त्याला घेरिया म्हणत. आणि आपल्याला बोचणारी गोष्ट अशी की या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूनं होते. किल्ला पुढे पेशव्यांकडे आला, इंग्रजांनी बदल्यात बाणकोट ठेवून घेतलं. पुतळ्यासमोर उभं राहून हे सांगितलं की गटात जरा शांतता पसरते, मग कुणीतरी आंग्र्यांचं आरमार बुडवलं त्यात आपलाच हात, असं पुटपुटतं. फोटो काढायचा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. मी स्वतः पाठ करून बसतो. समोरची मोजदादीची भोकं मला जास्त प्रिय आहेत.

भूक लागली असेल. चौकापासून पाच मिनिटांवर आजचा मार्केट हॉल आहे. 1965 ची विटांची इमारत, उंच घड्याळाचा मनोरा, बाहेरून बघाल तर आत जावंसं वाटणार नाही. जा. देशातला लोकांचा आवडता बाजार म्हणून तो 2018 मध्ये आणि पुन्हा 2023 मध्ये निवडला गेलाय, आणि ते उगाच नाही. वरच्या मजल्यावर खाटीक, मासेवाला, चीजवाली, जुनी पुस्तकं, लोकरीचे गुंडे आणि मधेमधे दहा-बारा खुर्च्यांची खाण्याची ठिकाणं. शाकाहारी माणसाची इथे अडचण होत नाही. चीजच्या दुकानात श्रॉपशर ब्लू नावाचं केशरी रंगाचं, निळ्या शिरांचं चीज दिसेल. विकणाऱ्याला विचारा हे श्रॉपशरचं का. प्रामाणिक असेल तर हसेल, कारण ते पहिल्यांदा स्कॉटलंडमध्ये इन्व्हर्नेसला बनलं, 1970 च्या दशकात, आणि नाव मात्र श्रॉपशरचं लागलं. बाबांना सांगा, बिस्किटांच्या बाबतीत आपण पुणेकर एकटे नाही.

फक्त वार बघून या. मंगळवार ते शनिवार. सुरुवातीच्या काळात मी एक गट सोमवारी आणला. बावीस माणसं, बंद दार, आणि त्यातले एक निवृत्त मुख्याध्यापक मला म्हणाले, "तुम्ही चौकशी केली नव्हती?" अजून ऐकू येतं.

बाजारापासून दोन मिनिटांवर बेलस्टोन म्हणून रस्ता आहे. तिथे मॉरिस हॉलच्या अंगणात एक दगड पडलाय, म्हशीच्या पिलाएवढा म्हणा. कुणी त्याच्याकडे बघत नाही. डार्विन मुलगा असताना गावातल्या एका जाणत्या म्हाताऱ्यानं त्याला हा दगड दाखवून सांगितलं: असल्या जातीचा खडक कंबरलंड किंवा स्कॉटलंडच्या अलीकडे सापडत नाही, आणि हा इथे कसा आला हे जगबुडी होईपर्यंत कुणाला कळणार नाही. डार्विनच्या डोक्यात तो प्रश्न राहिला. पुढे हिमनग असे दगड वाहून नेतात हे त्यानं वाचलं, तेव्हा त्याला कोण आनंद झाला होता. माउंट हे त्याचं घर बघायला नदीपलीकडे चढून जाण्यापेक्षा हा दगड बघा. पाच मिनिटं, चढ नाही, पैसे नाहीत.

जेवणानंतर सेंट चॅड्स. गोल आकाराचं चर्च, 1792 चं, टेकडीच्या कडेला. ते का बांधावं लागलं ती गोष्ट टेलफर्डची. जुन्या सेंट चॅड्सचं छत गळत होतं म्हणून 1788 मध्ये गावच्या मंडळींनी त्याला बोलावलं. तेव्हा तो तिशीतला, नाव व्हायचं होतं. त्यानं बघून सांगितलं, छताचं सोडा, मनोऱ्याखालच्या भिंतींना तडे गेलेत, आधी ते बघा. मंडळींना वाटलं, हा काम काढायला बघतोय. थट्टा झाली. थोड्याच दिवसांत पहाटे चारला घड्याळानं ठोके दिले आणि त्या हादऱ्यानं मनोरा चर्चवर कोसळला. आत कुणी नव्हतं. जुन्या चर्चचा एक छोटा तुकडा अजून उभा आहे. आपल्याकडे सोसायटीच्या सभेत स्ट्रक्चरल ऑडिटचा विषय निघाला की मला हमखास टेलफर्ड आठवतो.

नव्या चर्चच्या आवारात एबनिझर स्क्रूजचं थडगं आहे. हो, डिकन्सच्या गोष्टीतला तो कंजूष. 1984 मध्ये त्या गोष्टीवरच्या चित्रपटाचं चित्रीकरण इथे झालं, त्यासाठी कोरलेली शिळा तिथेच राहिली. 2024 च्या नोव्हेंबरात कुणीतरी ती फोडली, तर गावात अशी हळहळ झाली की जणू खाली खरंच कुणी पुरलंय.

चर्चसमोर द क्वारी, नदीपर्यंत उतरत गेलेलं मोठं उद्यान. मधल्या खोलगट भागात द डिंगल नावाची फुलांची बाग आहे, पर्सी थ्रोअर या प्रसिद्ध बागकारानं अनेक वर्षं सांभाळलेली. जूनमध्ये जाताय म्हणजे ती बहरलेली असेल. आईंना इथे बसवा, बाबांनाही बसू द्या. तासभर काही करू नका.

मग होडी. वेल्श ब्रिजजवळच्या धक्क्यावरून 'सॅब्रिना' नावाची प्रवासी बोट सुटते, पाऊण तासाची फेरी, उन्हाळी महिन्यांत. सॅब्रिना हे सेव्हर्नचं लॅटिन नाव. गुडघेदुखी असलेल्यांना गावाचा वळसा बसल्या बसल्या बघायचा हा सगळ्यात चांगला मार्ग. नदी चढलेली असली तर फेऱ्या बंद असतात, म्हणून निघायच्या आधी फोन करा.

नंतर त्राण असेल तर टॅक्सी करून इंग्लिश ब्रिजपलीकडच्या ॲबीला जा, 1083 मध्ये स्थापन झालेल्या मठाच्या चर्चला. आतमध्ये पहिल्या महायुद्धात पडलेल्यांच्या नावांची यादी भिंतीवर आहे. त्यात विल्फ्रेड ओवेनचं नाव शोधा, युद्धाच्या कविता लिहिणारा. त्याचे आईवडील याच गावात राहायचे. तो 4 नोव्हेंबर 1918 ला मारला गेला, आणि तार घरी पोचली ती 11 नोव्हेंबरला, युद्ध संपल्याच्या घंटा गावात वाजत असताना. बाहेर रस्त्याच्या पलीकडे एकटंच एक नक्षीदार दगडी व्यासपीठ उभं दिसेल. मठाच्या भोजनशाळेत त्यावरून वाचन चालायचं. 1836 मध्ये टेलफर्डच्या आखणीचा रस्ता मठाच्या आवारातून काढला आणि ते पलीकडे राहून गेलं. रस्तारुंदीत वाड्याचा निम्मा भाग गेलेला आपण बघितलाय, हे त्याचंच भावंड.

काय सोडायचं तेही सांगतो. जुना तुरुंग 2013 मध्ये बंद झाला, आता तिथे आतून फिरवून आणतात; चांगलं आहे, पण आईबाबांबरोबरच्या दिवसासाठी नको. डिथरिंग्टनची फ्लॅक्समिल, म्हणजे जवसाच्या धाग्याची गिरणी, ही मात्र मी जड मनानं वगळतोय. 1797 ची, संपूर्ण लोखंडी चौकटीवर उभी राहिलेली जगातली पहिली इमारत. त्या काळी कापडगिरण्या लाकडी तक्तपोशीमुळे आगीत भस्म व्हायच्या, म्हणून चार्ल्स बेजनं खांब आणि तुळया ओतीव लोखंडाच्या केल्या. आजच्या गगनचुंबी इमारतींची ती पणजी. 2022 पासून लोकांना बघता येते. पण ती स्टेशनच्या उत्तरेला, गावाबाहेर आहे आणि दिवसात बसत नाही. दुसऱ्यांदा याल तेव्हा.

आयर्नब्रिज आणि रॉक्सिटरचे रोमन अवशेष त्याच दिवशी उरकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. ते स्वतंत्र दिवस आहेत आणि गाडीशिवाय दगदग होते.

बाबांच्या पायांत मऊ, घट्ट बसणारे बूट हवेत. चपला आणि गुळगुळीत दगड यांचं जमत नाही. वाइल कॉप हा दुकानांचा रस्ता फार सुंदर आहे, पण चढ भलताच आहे. इंग्लिश ब्रिजकडून चढू नका, वरून उतरा. ॲबीला टॅक्सीनं न जाता चालत जायचं ठरलं तर तोच रस्ता उतरून जा, आणि परत मात्र टॅक्सीनंच स्टेशनला या. सकाळी दहाच्या आत पोचलात तर पाचच्या सुमाराची परतीची गाडी आरामात मिळते.

आणि निघताना आईबाबांना कॅम्पातून बिस्किटांची दोन पाकिटं आणायला सांगा. डार्विनच्या पुतळ्याजवळ बसायला जागा आहे, पेलिनची पाटी तिथून चार पावलांवर. तिथे इकडचं एक आणि तिकडचं एक असं खाऊन बघा. माझ्या गटात आजवर कॅम्पच जिंकलंय, पण परीक्षक सगळे पुण्याचे होते.